तो माणूस निर्दोष आहे

नांदेडकडच्या पुसेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा माझा धाकटा भाऊ इंग्लंडहून सुट्टीवर आला. येताना त्याने एक डीव्हीडी प्लेयर आणि पिशवीभर सीड्या आणल्या. सगळ्या तिकडच्या टीव्हीवरच्या मालिका. "तुझं इंग्रजी फार पुस्तकी आहे ताई, हे ऐकत जा," म्हणाला. साल दोन हजार चार असेल किंवा पाच. माझे मिस्टर बँकेत, तेव्हा लातूरकडे बदली झालेली, महिन्यातून एकदा यायचे. मी एका शेतकऱ्याच्या घरावरच्या खोलीत भाड्याने राहत होते. लोडशेडिंग इतकं, की दिवसभरात लाईट कधी येणार हे सगळ्यांना तोंडपाठ असायचं. रविवारी दुपारी दोन ते पाच मात्र हमखास असायची. माझ्या मालिका त्या तीन तासांत.

माझ्यासोबत त्या बघायला अंगणवाडीची बाई यायची. गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर तांडा होता, ती तिथली. दहावी झालेली, तिशीच्या आतली, एक मुलगी. पहिल्यांदा आली ती एक फॉर्म वाचून घ्यायला. टीव्ही चालू होता. दारात उभं राहूनच तिने विचारलं, "मॅडम, ही बाई काहून रडून राहिली?" मी सांगितलं. ती आत येऊन बसली. पुढच्या रविवारी फॉर्म नव्हता, तरी आली.

मग तसंच ठरून गेलं. मी सीडी थांबवायची, चार वाक्यं मराठीत सांगायची, पुन्हा चालू करायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माणसं माझ्याआधी तिला कळायची. कुणाच्या चेहऱ्यावर काय आलं, कोण कुणाकडे बघायचं टाळतंय, हे ती बोलून दाखवायची आणि मला मागे जाऊन पुन्हा बघावं लागायचं.

सुरुवातीला आम्ही एक जादूच्या राज्याची मालिका बघितली. सगळीकडे बर्फ, खाणीत डांबून ठेवलेले पंखांचे प्राणी, आणि जंगलात एकटी राहणारी एक चेटकीण. मला ती फार भव्य वाटली होती. बाईचं मत वेगळं. "मॅडम, ह्या राज्यात कुणी शेत करताना दिसतच न्हाई. एवढ्या फौजेला दाणे कुठून येतेत?" चेटकिणीला गावकरी दगड मारतात तो भाग आला तेव्हा मात्र तिने मला सीडी थांबवायला लावली. म्हणाली, "हिनं आतापत्तोर कुणाचं काई वाईट केलेलं आपल्याला दाखवलं का?"

"नाही अजून."

"मंग चेटकीण हाये हे कुणी ठरवलं?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "आमच्याकडं एका म्हातारीला असंच ठरवलं व्हतं."

ती मालिका संपली आणि आम्ही दुसरी लावली. सहा भागांची, खुनाची. समुद्राकाठचं एक लहान गाव, सतत पाऊस, आणि वर्षभरात तिथे तीन बाया मरतात. सगळे म्हणतात आजारपण. तपासाला एक पोलीस बाई येते, दमलेली, केस कसेही बांधलेली. गावात एक औषधवाला असतो. घरोघरी औषधं पोचवतो, म्हाताऱ्यांजवळ बसून चहा पितो, सगळ्यांची नावं त्याला पाठ. मी ही मालिका आधीच शेवटपर्यंत बघून घेतली होती, कारण माहीत असल्याशिवाय मराठीत नीट सांगता येत नसे. बाईला ते माहीत नव्हतं. दुसऱ्याच भागात ती म्हणाली, "ह्योच हाये."

"काहून?" मी तिच्याच शब्दात विचारलं.

"लई गोड बोलून राहिला. आन् कुणाच्या घरी गेला की पहिलं त्याचं लक्ष बाईच्या तोंडाकडं न्हाई, औषधाच्या बाटलीकडं जाते."

मी हसले. तिचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा होता. तो औषधवाला निर्दोष निघतो.

त्याच हिवाळ्यात शाळेचं गॅदरिंग झालं. पाहुणे म्हणून शहरातले एक डॉक्टर आले होते. बायकांचा दवाखाना होता त्यांचा. पन्नाशीचे, बारीक, पांढरा शर्ट, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. कार्यक्रमानंतर चहा घेताना मी कुठल्यातरी निमित्ताने त्या मालिकांचा उल्लेख केला. त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही बघता? इथे?"

खरं सांगायचं तर त्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं. त्या भागात या विषयावर कुणाशी इंग्रजीतून चार वाक्यं बोलेन असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांच्याकडेही मुलाने पाठवलेल्या सीड्या होत्या, त्यात ती खुनाची मालिकाही, फक्त शेवटचा भाग नव्हता. आम्ही अर्धा तास बोललो. ते म्हणाले, तिकडच्या मालिकांत कुणी ओरडत नाही, म्हणून भीती जास्त वाटते. ते मला पटलं. पोलीस बाईबद्दल म्हणाले, "ती मेलेल्यांत जास्त गुंतते. जिवंत माणसाला काय हवं असतं ते तिला कळत नाही."

"काय हवं असतं?" मी विचारलं.

"दुखण्याला नाव. नाव सांगितलं की माणूस शांत होतो. मग तुम्ही सांगाल ते करतो."

मला ते वाक्य फार खोल वाटलं. घरी येऊन मी ते वहीत उतरवून ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी सीडी मागायला निरोप पाठवला, तेव्हा खुनाच्या मालिकेचा शेवटचा भाग मी त्यांना पाठवूनही दिला. निरोप घेऊन आला होता त्यांच्या दवाखान्यातला एक जुना कंपाउंडर. हा माणूस दर गुरुवारी जीप घेऊन तांड्यावर जायचा. पोरांना बिस्किटं द्यायचा, बायांना ताई म्हणायचा. कुणाचं पोट दुखतं, कुणाच्या अंगावरून जातं, विचारपूस करायचा आणि जीपमध्ये बसवून दवाखान्यात न्यायचा. तांड्यावरून मोठ्या दवाखान्याला जायचं तर आधी फाट्यापर्यंत चालत, मग दोन एसट्या. त्यामुळे जीपचं सगळ्यांना कौतुक होतं. मलाही होतं.

चौथ्या भागाच्या रविवारी बाई एकटी आली नाही. सोबत तिची जाऊ होती. सव्वीसएक वर्षांची, अंगाने बारीक, दोन लेकरांची आई. ती आमच्याजवळ बसली नाही. उंबऱ्याला टेकून, पदर दातात धरून, टीव्हीकडे कमी आणि जिन्याकडे जास्त बघत होती. तिच्या लहान मुलाला खाली सोडलं होतं, त्याच्यावर लक्ष.

मालिका चालू असतानाच बाई म्हणाली, "मॅडम, मला बी त्यानं पिशवी काढ म्हणून सांगितलं."

मी सीडी थांबवली. "कुणी?"

"डॉक्टरनं. पोट दुखते म्हून गुरुवारी जीपमधी गेल्ते. फोटो काढला पोटाचा. म्हणला, गर्भपिशवी खराब झाली, आता न्हाई काढली तर क्यान्सर व्हईल. हिला बी तेच सांगितलं." तिने जावेकडे मान वळवली. "तांड्यावरच्या किती बायायला तेच सांगितलं. एकाच वर्साला सगळ्यायच्या पिशव्या कशा काय खराब झाल्या?"

"सगळ्यांच्या म्हणजे?"

"म्या मोजल्या न्हाईत. पण ज्या घरात जाते त्या घरात एक तरी."

मला खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला डॉक्टरांचा तो हळू आवाज आठवला, आणि चहाच्या कपाशेजारी झालेल्या गप्पा. मी म्हणाले, "बाई, तुमचं मन त्या मालिकेमुळे असं झालंय. गोड बोलणारा माणूस दिसला की तुम्हाला खुनी वाटतो."

"मंग काय, न्हाई का त्यो?"

मी हसत टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर औषधवाला थांबलेला होता, हातात किटली. "तुम्हाला आता सांगूनच टाकते. तो माणूस निर्दोष आहे. त्याने कुणाचं काही वाईट केलेलं नाही. लोक उगाच संशय घेतात त्याच्यावर. आणि डॉक्टरही चांगले आहेत, मी बोललेय त्यांच्याशी. शिकलेला माणूस आहे."

बाईने पडद्यावरच्या औषधवाल्याकडे हात केला. मग म्हणाली, "ह्याचं काय, मॅडम. ह्याला लिहिणारानं निर्दोष लिहिलं म्हून ह्यो निर्दोष हाये. त्या डॉक्टरचं कुणी लिहून ठेवलंय का?"

मला तिचा थोडा रागच आला. मी सीडी चालू केली. तो भाग संपायच्या आत जाऊ मुलाला घेऊन निघून गेली होती.

पुढच्या गुरुवारी जाऊ जीपमध्ये बसली. बाई बसली नाही.

मला हे कळलं रविवारी, बाई आली नाही म्हणून चौकशी केली तेव्हा. सोमवारी मी अर्धी रजा टाकून शहरातल्या दवाखान्यात गेले. वरच्या मजल्यावर एक लांब खोली होती. सात खाटा, सातही भरलेल्या. सगळ्या बाया एकाच बाजूला कलून झोपलेल्या. फिनेलचा वास, आणि माणसं असूनही आवाज नाही. जाऊ तिसऱ्या खाटेवर होती, पिशवी काढून झालेली. तिचे ओठ पांढरे पडले होते. बाई तिच्या पायाशी बसून पाय चोळत होती. माझ्याकडे तिने वर पाहिलं नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले. मला बघून त्यांना आनंद झाला. हातात दवाखान्याचं एक लांब पाकीट होतं, त्यात माझी सीडी, स्वच्छ पुसलेली. "सुंदर शेवट," इंग्रजीत म्हणाले. "सगळे त्या औषधवाल्यावर संशय घेत बसतात, आणि खरं काय ते त्यांना शेवटपर्यंत दिसत नाही. नाही का?" मग आवाज आणखी खाली आणून मराठीत, "ही तुमच्या ओळखीची आहे असं समजलं. मी स्वतः लक्ष घातलं. काळजी करू नका."

मी मान डोलावली. आभारसुद्धा मानले. त्या सातही खाटा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि तरी मी आभार मानले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जाऊ घरी आली, पण बरी झाली नाही. टाका पिकला. महिनाभर ताप येत-जात राहिला. ताप गेला तर अंगातून वाफा निघायला लागल्या. थंडीत ती अंगावरची गोधडी फेकून अंगणात जाऊन बसायची. कंबर धरून चालायची. सव्वीस वर्षांची बाई, आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या तिला आपल्यात बसवून घ्यायला लागल्या.

बाईचं पोट अजून दुखत होतं. एका सकाळी कुणाला न सांगता ती नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेली. दिवसभर रांगेत उभी राहिली. तिथल्या डॉक्टरीणबाईने तपासलं, जुना फोटो बघितला, पुन्हा नवा काढला. पिशवीला काहीही झालेलं नव्हतं. साधी आतली सूज होती. सात दिवसांच्या गोळ्या. सातव्या दिवशी दुखणं थांबलं.

दहाव्या दिवशी बाई माझ्या खोलीवर आली. रविवारच होता, पण त्या दिवशी लाईट नव्हती. तिने खताच्या पोत्याची पिशवी माझ्यापुढे ओतली. आत कागद, फायली, काळे फोटो. तांड्यावर घरोघर फिरून तिने ते गोळा केले होते. कुणी पेटीच्या तळाशी ठेवलेले, कुणी देवाच्या फोटोमागे खोचलेले. कागदांना जपून ठेवायचं असतं एवढंच त्या बायांना माहीत होतं, त्यावर काय लिहिलंय ते नाही.

"वाचा मॅडम," ती म्हणाली. "सगळे वाचा. मोठ्यानं."

मी खिडकीजवळ बसून वाचायला लागले. पहिला रिपोर्ट इंग्रजीत, टाईप केलेला. गर्भपिशवी वाढलेली, लांबी अमुक, रुंदी तमुक, आतला थर जाड, शस्त्रक्रियेची गरज. मी मराठीत सांगत गेले. दुसरा घेतला. गर्भपिशवी वाढलेली, आणि पुढे आकडे. मला वाटलं, मी चुकून पहिलाच पुन्हा उचलला. वर नाव बघितलं, नाव वेगळं होतं. तिसरा. चौथा. आकडे तेच, मिलिमीटरपर्यंत. पाचव्यात माझ्या लक्षात आलं की एका शब्दाचं स्पेलिंग चुकलंय. परत सगळे खाली मांडले आणि बोट ठेवून बघितलं. सगळ्यांत तोच शब्द, तीच चूक. वर्गात एकाने दुसऱ्याच्या वहीतलं उतरवलं की आम्ही असंच पकडायचो.

अकरा रिपोर्ट होते. अकरा बाया. सगळ्यात थोरली चाळिशीची, सगळ्यात धाकटी तेवीस. जावेच्या रिपोर्टवर वरचं नाव पांढऱ्या शाईने खोडून त्यावर तिचं लिहिलेलं होतं. उजेडाकडे धरलं तर खालचं नाव वाचता येत होतं. ते त्याच तांड्यावरच्या दुसऱ्या एका बाईचं होतं.

बाईने सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. म्हणाली, "मंग त्यायनं फोटो काढलाच न्हाई का आमचा?"

"काढला असेल. बघितला नसेल."

ती उठून कागद एकावर एक रचायला लागली. मी तिला म्हणाले, "बाई, त्या रविवारी मी..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "ते मंग," म्हणाली. "आधी अर्ज लिव्हा."

मी अर्ज लिहिला. शाळेतल्या एका सहकाऱ्याने समजावलं की परगावच्या बाईने यात पडू नये, बदलीचं वर्ष आहे, डॉक्टरांचा शब्द सगळीकडे चालतो. मी अर्जावर सही केली, पण खोटं सांगणार नाही, दोन दिवस तो उशीखाली ठेवून मग केली. बाईने सही केली, बाकीच्या बायांनी अंगठे उठवले. बाई स्वतः जाऊन तो जिल्ह्याच्या ठिकाणी देऊन आली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी शाळेतून परत आले तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो कंपाउंडर बसलेला. उभा राहिला, हात जोडले. "नमस्कार मॅडम. इकडून चाललो व्हतो. म्हणलं, भेटून जावं." हातात बिस्किटाचा पुडा होता, तो त्याने पायरीवर ठेवला. "मिस्टर लातूरलाच हायेत ना अजून? महिन्याच्या शेवटच्या शनवारी येतेत, व्हय ना, संध्याकाळच्या गाडीनं. फाट्यावर अंधार असते त्या टायमाला. त्यायला सांगा, जपून उतरत जा म्हणावं."

आवाजात जराही धार नव्हती. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मी मिस्टरांना येऊच दिलं नाही. मीच लातूरला जात राहिले, आणि का ते त्यांना सांगितलं नाही.

चौकशीला माणसं आली. तांड्यावर लिंबाखाली बसून त्यांनी बायांचे जबाब घेतले, कागद नेले, पोच दिली. पण तोपर्यंत दवाखान्याला कुलूप लागलं होतं. पाटी उतरवलेली, भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन. डॉक्टर मुलाकडे गेले असं कुणी म्हणालं, दुसऱ्या जिल्ह्यात दवाखाना काढला असंही कुणी म्हणालं. पुढे प्रकरणाचं काय झालं ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. एवढं मात्र झालं, की त्यानंतर त्या तांड्यावरची एकही बाई जीपमध्ये बसली नाही. पोट दुखलं की बाई स्वतः सोबत जायची, फाट्यापर्यंत चालत आणि मग दोन एसट्या.

त्या मालिकेचे उरलेले दोन भाग बाईने बघितले नाहीत. मी एकदा विचारलं. म्हणाली, "आता कुणी केलं ते कळून काय करायचं, मॅडम."

बदली झाली तेव्हा, निघायच्या आधी मी तांड्यावर गेले. जाऊ अंगणात तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि जे कित्येक महिने बोलायचं होतं ते बोलले. म्हणाले, "त्या दिवशी मी डॉक्टर चांगले आहेत म्हणाले. माझ्या बोलण्यावरून तुम्ही गेलात का?"

तिने सुपावरून मान वर केली. "व्हय," म्हणाली. "जीव घाबरून राहिला व्हता माझा. पर तुमी म्हणल्या ना, त्यो माणूस निर्दोष हाये, लोकं उगाच संशव घेतेत. म्या खाली लेकराकडं पाहून राहिले व्हते. मला वाटलं डॉक्टरचंच सांगून राहिल्या."

"ते मी टीव्हीतल्या माणसाचं बोलत होते."

"असं व्हय," ती म्हणाली.

पण मी डॉक्टरांबद्दलही तेच बोलले होते, पाठोपाठ, त्याच श्वासात. तिने चुकीचं ऐकलं असं मला म्हणता येत नव्हतं. मी तिला तेही सांगितलं. तिने मूठभर तूर माझ्यापुढे सरकवली, आणि आम्ही दोघी खडे काढत बसलो. तिचे हात थांबायचे, कपाळावर घाम यायचा, ती पदराने पुसायची आणि पुन्हा निवडायला लागायची.

चार वर्षांनी मी दुसऱ्या जिल्ह्यात असताना बाईचा फोन आला. तेव्हा तिच्याकडे मोबाईल आला होता. ती वारंगा फाट्याजवळच्या एका तांड्यावर नात्यातल्या लग्नाला गेली होती. तिथे मंडप टाकून बायांची मोफत तपासणी चालली होती. डॉक्टर नवीन, तरुण. पण तपासून बाहेर आलेल्या तीन बाया तिला भेटल्या होत्या, आणि तिघींना एकच सांगितलं होतं, पिशवी काढा.

"कागद दिले का त्यांना?" मी विचारलं.

"दिले. माझ्यासमोर हायेत. इंग्लिशमधी हायेत, मॅडम. एकेक अक्षर सांगू का?"

मी वही ओढली. म्हणाले, "सांगा." आणि ती लग्नाच्या गलक्यात, एकेक अक्षर वाचायला लागली.